ना समुद्र, ना भिंत : शॅम्पेन काउंटीचं एक वर्ष

ऑगस्टच्या मध्यावर पुण्या-मुंबईहून, नागपूरहून अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगा आठवून पाहा. वर मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची घट्ट बांधलेली बरणी. खाली कानटोपी, हातमोजे, दोन-तीन स्वेटर. अमेरिका म्हणजे थंडी, हा आपला पक्का समज. या मुलांपैकी बरीच इलिनॉय राज्याच्या विद्यापीठात, अर्बाना आणि शॅम्पेन या जोडशहरांत जातात. शिकागोहून बस निघते आणि दोन-अडीच तास खिडकीतून मक्याशिवाय काही दिसत नाही. बसचं दार उघडतं आणि अंगावर येते ती गरम, चिकट, दमट हवा. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. मे महिन्यात दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पण दादरला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. इथे सगळ्यांत जवळचा उबदार समुद्र, मेक्सिकोचं आखात, दक्षिणेला सुमारे ११०० किलोमीटरवर आहे.

पाच महिन्यांनी, जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, त्यांतलीच एक मुलगी त्याच बसथांब्यावर उभी असते. श्वास आत घेताच नाकातले केस ताठ होतात. पापण्यांवर वाफ गोठते. तापमान उणे वीसच्या आसपास. घरी फोनवर आई विचारते, "अगं, थंडी किती आहे?" आणि लेकीला नेमकं उत्तर देता येत नाही, कारण परवा दुपारी ती साध्या जॅकेटवर फिरत होती.

जागा तीच. मग हवा इतकी कशी बदलते? ऑगस्टचा घाम आणि जानेवारीचा गारठा एकाच कारणातून येतात. ते कारण समजलं की ही जोडशहरं ज्या शॅम्पेन काउंटीत आहेत, तिचं अख्खं वर्ष उलगडत जातं.

तवा आणि हंडा

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, पण आकाराने लहान. शॅम्पेन काउंटी पुणे जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी, लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर. जमीन जवळजवळ सपाट. हजारो वर्षांपूर्वी इथे हिमनदीचा जाड थर होता, त्याने सगळं रंधा मारल्यासारखं तासून टाकलं. आता उंचवटे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात, ते त्या हिमनदीने मागे सोडलेले मातीदगडांचे लांबट बांध आहेत.

जानेवारीचं सरासरी तापमान इथे उणे ३ ते ४ अंश सेल्सियस, जुलैचं सुमारे २४. म्हणजे सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत उष्ण महिन्यांत २७-२८ अंशांचं अंतर. मुंबईत हे अंतर साधारण ६ अंशांचं आहे, नागपुरात १५च्या आसपास. मुंबई-नागपूर तुलनेतच निम्मं उत्तर दडलेलं आहे. नागपूर समुद्रापासून लांब आहे.

चुलीवर एका बाजूला रिकामा तवा ठेवा, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला हंडा. तवा क्षणात चटका देतो आणि खाली उतरवला की तितक्याच लवकर निवतो. हंडा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की तासन्तास ऊब धरून ठेवतो. जमीन तव्यासारखी आहे, समुद्र हंड्यासारखा. कोरडी माती एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या चार-पाच पट उष्णता तेवढ्याच वजनाचं पाणी तापवायला लागते. शिवाय समुद्राचं पाणी घुसळलं जातं, त्यामुळे उष्णता खोलवर वाटली जाते. मातीत दिवसाची ऊब हात-दीड हातापलीकडे उतरत नाही. म्हणून जमीन उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात गारठते, आणि समुद्र दोन्ही टोकांना आवर घालतो.

यावर कोणी म्हणेल की मुंबई उष्ण कटिबंधात, शॅम्पेन पार ४० अक्षांशावर, मग फरक असणारच. शंका बरोबर आहे. तिथे जूनमध्ये पंधरा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरअखेरीस जेमतेम सव्वानऊ तासांचा. जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ७३ अंश वर चढतो, डिसेंबरमध्ये अवघा साडेसव्वीस अंश. विजेरी भिंतीवर सरळ धरली की प्रकाशाचा गोल लहान आणि लख्ख पडतो, तिरपी धरली की पसरट आणि फिका. हिवाळ्यातलं ऊन असं पसरट पडतं, तेही थोडेच तास.

पण याच अक्षांशाच्या आसपास, कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर युरेका नावाचं गाव आहे. सूर्य तोच, दिवसरात्रीचे तासही जवळपास तेवढेच. तिथे जानेवारी सुमारे ९ अंश आणि उन्हाळा १४-१५ अंश. वर्षभरात पाच-सहा अंशांचा फरक, आपल्या मुंबईसारखा! या अक्षांशांत वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. युरेकाला तो थेट प्रशांत महासागरावरून येतो. शॅम्पेनला पोचेपर्यंत त्याने रॉकी पर्वत ओलांडलेला असतो आणि हजारो किलोमीटर कोरडी जमीन तुडवलेली असते. समुद्राची आठवणही त्यात उरत नाही.

मिशिगन हे अवाढव्य सरोवर आहे ना जवळ? आहे, पण दीडशे किलोमीटरहून जास्त दूर. शिकागोला त्याचा फायदा मिळतो, उन्हाळ्यात सरोवराकाठची हवा शहराच्या आतल्या भागापेक्षा थंड राहते. शॅम्पेनपर्यंत तो हात पोचत नाही.

वाड्याला दोन्ही बाजूंनी दार नाही

नुसतं समुद्रापासून लांब असणं एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर शॅम्पेनची हवा ठरावीक चालीने बदलली असती : हळूहळू उन्हाळा, हळूहळू हिवाळा. प्रत्यक्षात ती आठवड्यात दोनदा पालटते. त्यासाठी नकाशा उघडायला हवा.

भारताच्या डोक्यावर हिमालय पूर्व-पश्चिम आडवा पसरला आहे. सायबेरियात साठलेली जड, गोठलेली हवा त्या भिंतीला अडते. आपल्याकडे उत्तरेतून शीतलहर येते म्हणतो, तेव्हा त्या थंडीचा फार थोडा अंश आपल्यापर्यंत आलेला असतो. उत्तर अमेरिकेत मोठ्या पर्वतरांगा उभ्या आहेत, म्हणजे उत्तर-दक्षिण : पश्चिमेला रॉकी, पूर्वेला ॲपलाशियन. त्यांच्यामध्ये ध्रुवीय कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सलग सखल मैदान आहे. वारा अडवील असा एकही मोठा आडवा डोंगर त्या वाटेवर नाही.

हा फरक किती मोठा आहे ते एका जोडीवरून कळतं. दिल्ली साडेअठ्ठावीस अक्षांशावर, टेक्सासमधलं ह्यूस्टन तीसच्या थोडं खाली, दोन्ही जवळपास एकाच ओळीत. ह्यूस्टन तर समुद्राच्या जवळ. तरी फेब्रुवारी २०२१मध्ये उत्तरेतून सुटलेली हवा थेट आखाताच्या काठापर्यंत धावली आणि ह्यूस्टनचं तापमान उणे १० अंशांखाली गेलं. दिल्लीला असली थंडी ठाऊक नाही. शॅम्पेन तर या वाटेच्या मधोमध बसलेलं.

दोन्ही बाजूंना दार नसलेल्या वाड्यासारखी ही काउंटी आहे. उत्तरेकडून आलेली हवा थंड, कोरडी, जड. दक्षिणेकडून आखातावरून आलेली हवा उबदार आणि पाण्याने भरलेली. दोघी पाहुण्यांसारख्या इथे येतात, कधी पाळीपाळीने, कधी एकाच वेळी. कोणाची पाळी हे बऱ्याच अंशी वर, आठ-दहा किलोमीटर उंचीवर वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा ठरवतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हा पट्टा नदीसारखी वळणं घेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. वळण दक्षिणेला खाली आलं की त्याच्यामागून कॅनडाची हवा घुसते, वळण वर सरकलं की आखाताची हवा चढते. आणि ही वळणं स्वतः पूर्वेकडे सरकत असतात. म्हणून सोमवारची हवा बुधवारी राहत नाही.

आपल्याकडे शेतकरी नक्षत्र मोजतो : रोहिणी, मृग, आर्द्रा. इलिनॉयच्या शेतकऱ्याने नक्षत्रापेक्षा वारा कुठून येतोय ते पाहावं. दक्षिणेचा वारा सुटला, आकाश धुरकट झालं, हवा जड झाली, की पाहुणी आली आणि बहुधा दुसरीही मागोमाग निघाली आहे.

२० डिसेंबर १८३६

या दोन हवांमधली सीमारेषा जमिनीवरून सरकते तेव्हा काय होतं, याची मध्य इलिनॉयमध्ये एक जुनी कहाणी सांगतात. तो दिवस सौम्य होता. बर्फ वितळून जमिनीवर चिखलपाणी साचलं होतं, वर पावसाची भुरभुर. दुपारी पश्चिम-वायव्येकडून एक काळपट ढगांची भिंत गर्जत आली आणि काही मिनिटांत हवा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेली. डबक्यांतल्या पाण्यावर वाऱ्याने उठलेल्या लाटा तशाच गोठल्या. कोंबड्या-बदकांचे पाय चिखलात अडकले. स्प्रिंगफील्ड गावाला लग्नाचा परवाना काढायला एक तरुण घोड्यावरून निघाला होता. पावसाने भिजलेले त्याचे कपडे खोगिराला गोठून चिकटले. गावात पोचल्यावर त्याला उतरता येईना, तेव्हा माणसांनी खोगिरासकट उचलून त्याला विस्तवाजवळ नेलं. ऊब आली, परवाना मिळाला आणि लग्नही झालं, असं जुने लोक लिहून गेले आहेत. मध्य इलिनॉयच्या इतिहासात हा दिवस 'अचानक गोठण' म्हणून ओळखला जातो.

या सीमारेषेला हवामानशास्त्रात आघाडी म्हणतात. शब्द युद्धाचा आहे आणि शोभतोही. थंड हवा जड असल्यामुळे पाचरीसारखी जमिनीलगत घुसते आणि उबदार हवेला वर उचलते. ती उचललेली हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग बनतात, पाऊस पडतो. रेषा तुमच्यावरून गेली की वारा दक्षिणेचा वायव्येचा होतो आणि पारा कोसळतो.

हिवाळा : बर्फापेक्षा कठीण

शॅम्पेनमध्ये बर्फ पुष्कळ पडत असेल असं आपल्याला वाटतं. सबंध हिवाळ्याचा मिळून पडतो साधारण ५५-६० सेंटिमीटर. सरोवराच्या पलीकडच्या, वाऱ्याखालच्या मिशिगन राज्यातल्या किनाऱ्यावर याच्या कित्येक पट पडतो, कारण कोरडी थंड हवा सरोवरावरून जाताना पाणी पिऊन घेते. शॅम्पेनला हे पाणी मिळत नाही.

तिथली खरी कडक रात्र बर्फ पडताना नसते, बर्फ थांबून आकाश निवळतं तेव्हा येते. ढग म्हणजे रात्रीचं पांघरूण. ते गेलं की जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते. जमिनीवर ताजा बर्फ असेल तर आणखी दोन गोष्टी होतात. दिवसा तो ऊन बहुतांश परत फेकतो. रात्री तो गोधडीसारखा मधे येतो आणि मातीतली ऊब वर येऊ देत नाही. गोधडीखालची माती तग धरते, गोधडीवरची हवा मात्र गोठत जाते. ३१ जानेवारी २०१९ला इलिनॉयच्या वायव्य टोकाला माउंट कॅरल इथे उणे ३८.९ अंशांची नोंद झाली. राज्यातला तो आजवरचा नीचांक. उच्चांक १४ जुलै १९५४चा, ईस्ट सेंट लुईसचा : ४७.२ अंश. एकाच राज्यात ८६ अंशांचा पल्ला.

त्यात वारा. डोंगर नाही, रान नाही, कापणी झालेली उघडी शेतं. बशीतल्या चहावर फुंकर मारली की तो लवकर निवतो, कारण चहावरची गरम हवेची पातळ साय फुंकरीने उडून जाते. आपल्या कातडीवरही अशीच उबदार हवेची साय असते. तापमान उणे १८ असताना ताशी ३२ किलोमीटर वारा असला, तर उघड्या गालाला ते उणे ३०सारखं लागतं. म्हणून तिथे आकडे दोन सांगतात, तापमानाचा आणि वाऱ्यासह जाणवणाऱ्या थंडीचा. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक बरे, हे गोधडी शिवणाऱ्या आजीला कधीच ठाऊक होतं. ऊब कापडापेक्षा थरांच्या मधे अडकलेल्या हवेत असते.

पण तिथल्या माणसांना विचारलं तर बर्फापेक्षा आणि वाऱ्यापेक्षा धास्ती वाटते ती गोठणाऱ्या पावसाची. दोन्ही पाहुण्या एकाच वेळी आल्या की तो पडतो. जमिनीलगत कॅनडाच्या हवेचा पातळ थर, आणि त्याच्या डोक्यावरून सरकत आलेली आखाताची उबदार हवा. वरून बर्फ निघतो, मधल्या उबदार थरात वितळून पाणी होतो आणि खालच्या थंड थरातून पडताना पुन्हा बर्फ व्हायला त्याला वेळच मिळत नाही. थेंब पाणीच राहतो, पण गोठणबिंदूच्या खाली गेलेला. फांदीला, तारेला, रस्त्याला टेकला की क्षणात काच होतो. १४ फेब्रुवारी १९९०ला, व्हॅलेंटाइन दिनी, शॅम्पेन-अर्बानात असा पाऊस पडला. झाडं बर्फाच्या वजनाने मोडली, विजेच्या तारा तुटल्या आणि कित्येक घरं ऐन हिवाळ्यात दिवसेंदिवस विजेविना राहिली. वरची हवा दोन अंश थंड असती तर नुसता बर्फ पडला असता, खालची दोन अंश उबदार असती तर साधा पाऊस.

वसंत : दूध उतू जातं तसं

मार्च संपत आला की उत्तरेची पाहुणी अजून गेलेली नसते आणि दक्षिणेची जोर धरू लागते. एप्रिल-मेमध्ये या वाड्यात सगळ्यांत जास्त आदळआपट होते.

दूध तापवताना पाहा. वर साय धरते आणि ती खालची वाफ अडवून ठेवते. काही वेळ सगळं शांत दिसतं. मग एका क्षणी वाफ सायीला उचलून फेकते आणि दूध सरसर वर येतं. इलिनॉयच्या आकाशात हीच गोष्ट किलोमीटरांच्या मापाने होते. जमिनीलगत आखाताची दमट, उबदार हवा. तिच्यावर नैर्ऋत्येकडच्या उंच, वाळवंटी प्रदेशातून आलेल्या गरम कोरड्या हवेचा थर, तो झाला सायीचा पापुद्रा. दिवसभर ऊन खालच्या हवेला तापवत राहतं, पण झाकणामुळे ती वर जाऊ शकत नाही, बळ साठत जातं. दुपारनंतर थंड आघाडी येते, झाकण फुटतं आणि ढग अर्ध्या तासात दहा-बारा किलोमीटर उंच होतो.

टोर्नेडो व्हायला आणखी एक गोष्ट लागते. खालचा वारा मंद आणि दक्षिणेचा, वरचा जोराचा आणि पश्चिमेचा. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल धरून एक तळवा पुढे सरकवला की पेन्सिल आडवी फिरते. तशीच दोन वाऱ्यांमधली हवा आडवी गुंडाळली जाते. वादळातली वर जाणारी हवा ही आडवी गुंडाळी उचलून उभी करते. मग ती ताणली जाते, बारीक होते, आणि फुगडी खेळणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ ओढल्या गेल्या की जशा अधिक वेगाने फिरतात, तशी तिची गती वाढते. ती सोंड जमिनीला टेकली की टोर्नेडो. अशा बहुतेक वादळांतून टोर्नेडो निघत नाही. नेमक्या कुठल्या ढगातून निघेल, हे आजही आधी सांगता येत नाही.

या शास्त्रातलं एक महत्त्वाचं पान याच काउंटीत लिहिलं गेलं. ९ एप्रिल १९५३ला शॅम्पेनजवळ इलिनॉय राज्य जलसर्वेक्षण संस्थेचे लोक रडारवर पावसाचं मोजमाप करत होते. पडद्यावर वादळाच्या ठिपक्याच्या नैर्ऋत्य कडेला एक लहान आकडा फुटताना दिसला, विळ्याच्या टोकासारखा. त्याच ठिकाणी, त्याच वेळी जमिनीवर टोर्नेडो होता. रडारवरचा आकडा आणि जमिनीवरचा टोर्नेडो यांची सांगड नोंदली गेली ती इथे पहिल्यांदा. तोवर टोर्नेडोची खबर मिळायची ती कोणी डोळ्यांनी पाहिल्यावर. आता ढगाच्या पोटात काय फिरतंय ते दुरून दिसू शकतं, हे त्या पावसाच्या नोंदींतून कळलं. पाऊस मोजायला बसलेल्या माणसांनी वेगळं दिसलेलं जपून ठेवलं, आणि पुढे असंख्य जीव वाचवणाऱ्या इशाऱ्यांचा तो एक पाया झाला. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

धोका अर्थात टळलेला नाही. १९ एप्रिल १९९६ला अर्बानाला टोर्नेडोने झोडपलं. १७ नोव्हेंबर २०१३ला, म्हणजे हंगाम संपला असं वाटत असताना, काउंटीतल्या गिफर्ड या छोट्या गावातली कित्येक घरं उद्ध्वस्त झाली. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगे वाजवून पाहतात. नव्याने आलेली मुलं दचकतात, जुनी माणसं घड्याळाकडे बघतात. खरा भोंगा वाजला की तळघरात जायचं. तळघर पुष्कळ घरांना असतं, कारण हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. थंडीसाठी खणलेला खड्डा वसंतात असा जीव वाचवतो.

चौकट : शॅम्पेन काउंटी, थोडक्यात
• जानेवारी : सरासरी उणे ३ ते ४ अंश. जुलै : सुमारे २४, दुपारी २९-३०.
• वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून : एक मीटरच्या थोडा वर, सर्व महिन्यांत विभागलेला.
• शेवटचं गोठणारं दव : साधारण एप्रिलअखेर. पहिलं : ऑक्टोबरच्या मध्यास.
• थंडी : कॅनडाकडून. दमटपणा : मेक्सिकोच्या आखाताकडून. अडवणारा डोंगर : नाही.

उन्हाळा : मक्याचा घाम

आता ऑगस्टच्या त्या बसथांब्यावर परत जाऊ. समुद्र ११०० किलोमीटर दूर, मग घाम का?

पहिलं उत्तर एव्हाना कळलं असेल. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम उत्तरेला सरकलेला असतो, आखाताची हवा विनाअडथळा वर येते. दुसरं उत्तर बसच्या खिडकीतून दोन तास दिसत होतं. काउंटीचा बहुतांश भाग मका आणि सोयाबीनखाली आहे. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ करून सोडतं. भर हंगामात मक्याचा एक एकर दिवसाला साधारण ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. तळ्यातून एका दिवसात तीन-साडेतीन मिलिमीटर पाणी उडून जावं, तेवढं हे होतं. तिथली माणसं याला मक्याचा घाम म्हणतात. शेकडो किलोमीटर असं शेत पसरलं की ते उथळ समुद्रासारखंच वागतं.

दमटपणा म्हणजे काय, हे समजायला विदर्भातला वाळ्याचा कूलर पुरेसा आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर घर गार करतो, कारण कोरडी हवा पाणी पटापट पिते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. तोच कूलर मुंबईत निकामी, कारण हवा आधीच पाण्याने तुडुंब. आपलं शरीर असाच कूलर आहे, घाम हे त्याचं पाणी. शॅम्पेनच्या जुलैत पारा ३३ असला तरी हा कूलर चालत नाही. म्हणून तिथे उन्हाळ्यात दवबिंदू सांगतात. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातलं पाणी थेंब होऊन बाहेर येईल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. थंड ताकाच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, कारण पेल्याची कड दवबिंदूच्या खाली गेलेली असते. हा आकडा २४च्या वर गेला की माणूस कासावीस होतो. जुलै १९९५मध्ये शिकागोत अशीच दमट उष्णतेची लाट आली. सातशेहून जास्त माणसं दगावली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी माणसं, बंद खिडक्यांच्या खोल्यांत.

पावसाळा नावाचा ऋतू नाही

आपल्याला सगळ्यांत नवल वाटावं ते हे. एक मीटर पाऊस म्हणजे पुण्यापेक्षा जास्त, पण तिथे पावसाळा नाही. हिवाळ्यातल्या महिन्यातही पाच सेंटिमीटरच्या आसपास पाणी पडतं, मे-जूनमध्ये अकरा-बारा. हिवाळ्यात आघाड्या पाऊस पाडतात, उन्हाळ्यात गडगडाटी वादळं, आणि दोघांना पाणी पुरवतं ते एकच आखात. आपला वळीव दुपारी कोसळतो. तिथली उन्हाळी वादळं पुष्कळदा मध्यरात्रीनंतर येतात, कारण ती दुपारी पश्चिमेच्या मैदानांवर जन्मतात आणि रात्रभर पूर्वेकडे चालत येतात. आखाताकडचा खालचा वाराही रात्री जोर धरतो आणि त्यांना पाणी पाजत राहतो.

ही घडी बिघडते तेव्हा पुरती बिघडते. १९९३च्या उन्हाळ्यात आघाड्या एकाच जागी घुटमळल्या आणि मिसिसिपीचं खोरं बुडालं. २०१२मध्ये उंच दाबाची हवा मैदानांवर ठाण मांडून बसली, आखाताची वाट बंद झाली आणि मका उभा करपला.

ऑक्टोबर मात्र जपून ठेवावा असा. हवा कोरडी, आकाश निळं, मेपलची पानं लाल, रात्री उशिरापर्यंत कापणीयंत्रांचे दिवे शेतात फिरताना दिसतात. तो फार दिवस टिकत नाही.

थंडीने राखलेली काळी माती

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला शॅम्पेनची माती पाहून घरची आठवण येते. तीही काळी. पण काळेपणाचं कारण वेगळं आहे. आपली रेगूर बेसॉल्टच्या खडकापासून झालेली चिकणमाती, तिच्यात कुजलेल्या झाडापाल्याचा अंश थोडा. तिथली माती त्या अंशामुळेच काळी. हजारो वर्षं इथे माणसाहून उंच गवताचं माळरान होतं, दोन-तीन मीटर खोल मुळांचं. दुष्काळी वर्षं आणि वणवे झाडांना पाय रोवू देत नव्हते, गवत मात्र मुळातून पुन्हा उठायचं. उन्हाळा दमट, म्हणून वाढ भरघोस. हिवाळा गोठलेला, म्हणून कुजवणारे जीवजंतू वर्षातले कितीतरी महिने झोपलेले. दरवर्षी जेवढं वाढलं त्यातलं थोडं न कुजता उरत गेलं. म्हणजे सुरुवातीला जो घाम आणि जो गारठा आपल्याला कोड्यात टाकत होता, त्या दोघांनी मिळून ही माती केली.

तिच्यावरचं एक पीक आपल्याकडेही आलं. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांबरोबर काम करून सोयाबीनच्या लागवडीला भारतात चालना दिली. पुढे मध्य भारतातून ते लातूर-वाशीमपर्यंत पसरलं. मात्र शॅम्पेनमध्ये ते पेरतात मे महिन्यात, थंडी ओसरण्याची वाट पाहून. लातूरला पेरणी मृगाच्या पावसाची वाट पाहते.

तिथलं हवामानही सरकतं आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या नोंदी सांगतात की वाढ मुख्यतः हिवाळ्यात आणि रात्रीच्या तापमानात झाली आहे, आणि मुसळधार पावसाचे दिवस वाढले आहेत. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र त्या मानाने तापलेल्या नाहीत. संशोधक याचं एक कारण दाट पेरलेल्या मक्याच्या घामात शोधतात : ऊन हवा तापवण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. त्याची किंमत दमटपणाने चुकवावी लागते.

विद्यापीठाच्या आवारात, इमारतींच्या मधोमध, १८७६पासून चालू असलेला मक्याचा एक प्रयोग आहे, मॉरो प्लॉट्स. एका तुकड्यात वर्षानुवर्षं मकाच, दुसऱ्यात फेरपालट, काहींत खत, काहींत नाही. तेच आकाश, तीच माती, आणि तरी खत न मिळालेल्या सततच्या मक्याचं पीक शेजारच्या तुकड्यांपुढे खुजं दिसतं. १९६०च्या दशकात शेजारी नवं ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा प्रश्न आला : इमारत उभी राहिली तर तिची सावली शेतावर पडेल आणि इतक्या वर्षांच्या नोंदी बिघडतील. १९६९मध्ये ग्रंथालय उघडलं, जमिनीच्या खाली. मुलं खाली दिव्याच्या उजेडात वाचायची, आणि शेजारच्या तुकड्यात मका भर उन्हात उभा असायचा.